उभ्याचा विमा, उडत्याचा विमा

विम्याचा फोन कुणी करायचा व्हता, हे मला इचारायचं न्हाई. मार्गासनीत गिरणीवर जावा, दुधाच्या डेअरीवर जावा, जो तो मलाच धरतोय, "नूतन, तूच इसरलीस म्हणं?" मी काय इसरले आन कशापायी तोंड मिटून बसले, ते आता एकदाच सांगते. परत सांगायची न्हाई.

आमच्या घरात दोन भाऊ. थोरले धनाजी, माझे भावजी. रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान हाय. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरची ट्रॉली, म्हणाल ते करत्यात. जाऊबाई पोरांच्या शाळंपायी पुण्यात राहत्यात. धाकटे माऊली, माझे मालक. ते फ्लाइंग क्लबात मेकॅनिक. आधी विमानं धुतली, मग खोलली, मग तिथंच चिकाटीनं शिकून उडवायचं लायसन काढलं. आन सासूबाई, अंबूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. कानानं अधू हायत, जिभंनं न्हाई.

या दोघा भावांनी आमच्या कोंबड्यांच्या जुन्या शेडात विमान बांधलं. खोटं वाटतंय? मलाबी वाटलं व्हतं. परदेशातनं नकाशे मागवले. मधल्या धडाचा पिंजरा लोखंडी नळ्यांचा, तो भावजींनी जोडायचा. पंख लाकडाचे, वरनं कापड ताणलेलं, ते मालकांनी करायचे. दोन माणसं बसत्याल एवढंच विमान. सुरवातीला दोघं त्यात असे रमायचे की जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. एकमेकाला शिव्या द्यायचे, हसायचे, एका गिलासातला चहा दोघात प्यायचे. मी चिडायचे, पण मनातनं बरं वाटायचं.

मग एक दिवस क्लबातले साहेब विमान बघायला आले. दुकानातली गिऱ्हाइकंबी मागनं आली. पंख धडाला जिथं बसतो तिथल्या जोडावर मालकांनी बोटानं टकटक केलं आन सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हा जोड मला कच्चा वाटतोय. परत करून घेऊ."

भावजींनी डोळ्यावरची काच काढली आन खिळ्याला अडकवली. "माझी ट्रॉली जोडातनं सुटली असा एक माणूस उभ्या वेल्हे तालुक्यात दाखव," म्हणाले. मालक म्हणाले, "ट्रॉली आभाळात जात न्हाई, दादा." झालं! एवढंच. जोड भावजींनी परत केला, दातओठ खाऊन केला, पण त्या दिवसापासनं दोघांचा अबोला.

अबोला काय आमच्याकडं नवा न्हाई. बांधावरनं धरत्यात, लग्नातल्या मानपानावरनं धरत्यात. पण अबोला धरून कुणी विमान बांधल्यालं ऐकलंय का? आमच्यात बांधलं. सकाळी भावजी शेडात जायचे, संध्याकाळी घरी आले की मालक जायचे. दोघं एका वेळी कधी न्हाईत. आन मधी कोण? मी.

"नूतन, त्याला सांग, शेपटीची नळी कमी पडती." तो 'त्याला' तिथंच पाटावर बसून भाकरी मोडत असायचा! तरी म्या तोंड फिरवून म्हणायचं, "अहो, भावजी म्हणत्यात शेपटीची नळी कमी पडती." मग मालक मान वर न करता, "त्यांना सांग, नकाशात तेवढीच हाय." मी परत भावजींकडं. त्यांच्या अबोल्याचा नियमच तसा. समोरच्यानं बोललेलं कानावर पडलं तरी ऐकलं असं धरायचं न्हाई. मी सांगितलं की मगच ते ऐकलं. मधल्या मधी माझं मरण. शेवटी शेवटी तर झोपेत पण 'त्यांना सांगा' म्हणायला लागले, असं मालकच सांगायचे.

हसू नका. माझा जीव टांगणीला लागला व्हता. मला विमानाचं भ्या नव्हतं. भ्या याचं की त्यात माझा नवरा बसणार, आन ज्यानं त्या नळ्या जोडल्या त्याच्याशी त्याचं बोलणं न्हाई. एखादा बोल्ट यांनी ढिला ठेवला आन त्यांना वाटलं आवळलाय, तर? तो निरोप मी कुठल्या तोंडानं नेणार? मला बोल्टातलं काय कळतंय? मी देवाकडं एकच मागत व्हते, हे वर जायच्या आधी या दोघांची तोंडं उघडू दे.

दुसरी दिवाळी पण तशीच गेली. विमान उभं राहिलं. दिल्लीचा परवानगीचा कागद आला की उडवून बघायचं, असं ठरलं. तवा पुण्याहून विम्याचा माणूस आला, स्वरूप नावाचा. पॉलिश केलेले बूट शेणकाल्यातनं चुकवत चुकवत आला आन ओट्यावर बसला.

तो म्हणाला, "खाली कुणाचं नुकसान झालं, तर त्याचा विमा घ्यावाच लागेल. तो उडण्याआधी करू. प्रश्न विमानाचा आहे. एक विमा घेता येतो विमान शेडात उभं असतानाचा. आग, वादळ, चोरी. दुसरा घेता येतो उडतानाचासुद्धा, तो महाग पडतो. कुठला करायचा?"

भावजी खांबाला टेकून व्हते. म्हणाले, "नूतन, सांग, उभ्याचा बास झाला."

मालकांच्या कपाळावर आठी आली. "त्यांना इचार, उडत्याचा का नगं? वर गेल्यावर जोड धरंल असं त्यांचं त्यांनाच वाटत न्हाई व्हय?"

"नूतन, त्याला म्हणावं, जोड धरणार हाय म्हणून तर उडत्याचा नगं. पडणारच न्हाई तर विमा कशाला? आन उडत्याचाच पायजे असंल, तर सरळ सांग म्हणावं, की दादाच्या हातावर भरवसा न्हाई."

"त्यांना म्हणावं, दुकानाचा आगीचा विमा काढलाय तुमी, मग तिथल्या वायरीवर भरवसा न्हाई का?"

"त्याला म्हणावं, वायर मी केलेली न्हाई!"

बघा आता. उभ्याचा घ्यावा तर मालकांचा अपमान, उडत्याचा घ्यावा तर भावजींचा अपमान. विमा राहिला बाजूला, जोडाचंच उकरून काढत बसले. स्वरूप आपला यांच्याकडं बघतोय, त्यांच्याकडं बघतोय, मग माझ्याकडं. "ताई, हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत का?"

"न्हाईत," म्या म्हणलं. "तुमच्याकडं त्याचा विमा हाय का?"

तो बिचारा कसनुसा हसला. म्हणाला, "तुमचं ठरेपर्यंत मी शेडातला चालू करतो. पण एक लक्षात ठेवा. विमान शेडाबाहेर काढायचं असेल, तर आधी मला फोन करा. रस्त्यावरचा वेगळा घ्यावा लागतो. नुसता एक फोन. कोण करेल?"

दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हातातली कपबशी म्या ओट्यावर आदळली. "मी काय टपालपेटी हाय व्हय तुमच्या घरची? स्वयंपाक करायचा, म्हशीचं करायचं, आत्याबाईंच्या कानात वरडायचं, आन वरनं तुमचे निरोप वाहायचे? आजपासनं बंद! ह्याचं त्याला न्हाई, त्याचं ह्याला न्हाई. फोनबी मी करणार न्हाई. स्वरूपभाऊ, तुमी साक्षीला हाय. विमान यांचं, विमा यांचा. दोघांतला कुणीतरी करंल, न्हाईतर ऱ्हाईल!"

असं म्या सगळ्यांच्या देखत सांगितलं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण नंतर कुणालाच आठवत नव्हतं.

मला वाटलं, आता झक मारत बोलत्याल. कसले बोलत्यात! भावजी म्हशीला सांगायला लागले. मालक गोठ्याच्या दारात असले की, "ए म्हशे, ब्रेकची तार ढिली हाय, कुणाला कळतंय का बघ." आन मालक म्हशीच्या पाठीवर थाप मारून, "व्हय गं बाई, आवळतो." म्हशीला सांगितलेलं चालत व्हतं त्यांना. पण म्हैस विम्याच्या माणसाला फोन करत न्हाई.

आत्याबाईंनी मधीच एक काढलं. "देवाला दाखवल्याबिगर आभाळात न्यायचं न्हाई." आमच्यात ट्रॅक्टर घेऊ द्या, मोटरसायकल घेऊ द्या, आधी भैरोबाला दाखवून नारळ फोडायचा, मग वापरायची. ते खरंच हाय. मालक म्हणाले, "आई, पंख काढून ट्रॉलीत घालून नेऊ." आत्याबाईंनी कानाला हात लावला आन ऐकायचं व्हतं तेवढंच ऐकलं. "देवाला अर्धवट दाखवत्यात व्हय रं? नवरी काय डोकं घरी ठेवून बोहल्यावर चढती? पंख लावून न्यायचं!" भावजींनी पण मान हलवली. या एका गोष्टीत दोघांचं एकमत झालं, पण आईच्या भ्यानं.

ठरल्या दिवशी सकाळी विमान शेडाबाहेर काढलं. उनात काय देखणं दिसलं! खोटं बोलत न्हाई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिवळं कापड, पुढं पंखा, त्याला झेंडूची माळ. वस्तीवरच्या पप्पूनं ट्रॅक्टर आणला. विमानाची शेपटी ट्रॅक्टरला मागनं बांधली, म्हंजी विमानाचं तोंड आमच्याकडं. आत मालक बसले, ब्रेक धरायला. एका पंखाच्या टोकाला भावजी चालत व्हते, दुसऱ्या टोकाला शेजारचे रखमाजी. मागनं मी ताट घेऊन, आन आत्याबाई माझा हात धरून. देवळाची वाट चढाची, दोन्ही अंगाला भाताची खाचरं, कापणी होऊन मोकळी पडल्याली. पंख उंच, बांधावरनं आरामात जात व्हते.

वळणावर भावजींच्या बाजूची वाटंची कड पोखरली व्हती. घुशी का पाणी, देव जाणे. भावजींना ती दिसली. मालक आठ-दहा हातांवर, विमानाची दारं बसवायची राहिली व्हती, साधी हाक मारली असती तरी पुरं झालं असतं. आन हे काय करत्यात? वळून माझ्याकडं बघत्यात!

"नूतन! त्याला सांग, चाक कडंला आलंय! ब्रेक दाब म्हणावं!"

मालकांनी ऐकलं. मला माहीत हाय ऐकलं, कारण त्यांचं तोंड माझ्याचकडं व्हतं आन त्यांच्या भुवया वर गेल्या. पण पाय हलला न्हाई. ते वाट बघत व्हते, मी कधी सांगती त्याची! अबोल्याचा नियम!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी वरडले, "तुमचं तोंड काय झालंय, भावजी? तुमीच—"

पुढचं तोंडातच राहिलं. कड ढासळली, चाक खाली गेलं, शेपटीचा दोर तुटला आन विमान त्या अंगाला कलंडलं. पंखाचं टोक खाचरात रुतलं, लाकूड कडाकड मोडलं. पंखावरनं कोलांटी घेऊन ते पाठीवर पडलं. चाकं वर. माझा नवरा खाली, उलटा.

ताट कुठं पडलं मला ठावं न्हाई. मी पळेस्तोवर भावजी उडी मारून पोचले व्हते. "माऊल्या! ए माऊल्या! बोल की रं! माऊल्या!" असा टाहो म्या त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला न्हवता. गुडघ्यावर बसून मोडक्या लाकडात हात घालत व्हते, हात रक्तानं भरले तरी कळत नव्हतं.

आतनं आवाज आला. "दादा."

मालक पट्ट्यात उलटे लटकत व्हते. कपाळाला खोक पडली व्हती, बाकी अख्खे. पंख मोडला, शेपूट वाकली, पुढचा पंखा तुटला, पण त्यांच्या भोवतीचा नळ्यांचा पिंजरा जसाच्या तसा. उलटे लटकत त्यांनी डोक्याशी आलेल्या त्या जोडावर हात फिरवला. तोच, कच्चा म्हणलेला.

"दादा, जोड धरलाय," म्हणाले. "सुटला न्हाई."

भावजी म्हणाले, "मर मेल्या! जोड मरू दे, पट्टा सोड आधी!" आन रडायला लागले. मग हे बी रडायला लागले, उलटे लटकूनच. रखमाजी आन पप्पू दोघांनी मिळून मालकांना बाहेर ओढलं. मी तिथंच चिखलात बसले. आत्याबाई वरनं इचारत व्हत्या, "नारळ फोडला का?"

दुसऱ्या दिवशी स्वरूप आला. मोडतोड बघितली, फोटो काढले, मान हलवली. म्हणाला, "शेडातलं असतं तर मिळालं असतं. रस्त्यावरचं काही मिळणार नाही. मी सांगितलं होतं, एक फोन करा म्हणून. फोन कुणी करायचा होता?"

दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसले व्हते, एकाच्या कपाळाला पट्टी, एकाच्या हाताला. त्यांनी एकमेकाकडं बघितलं. मग भावजींनी माझ्याकडं बोट केलं.

"नूतननं."

"हिनंच," मालक म्हणाले. "निरोपाचं सगळं हीच बघती."

दोन दिवाळ्यांत पहिल्यांदा दोघांचं आपणहून एकमत झालं, आन ते माझ्यावर! मी दारात उभी. संताप आला, असा आला की कानशिलं तापली. यांचा अबोला, यांची मस्ती, यांच्या आईचा हट्ट, आन खापर कुणावर? म्या स्वरूपकडं बघितलं. तो साक्षीला व्हता न्हवं? त्यानं बॅगेची चेन लावली आन बुटाकडं बघत बसला. गिऱ्हाईक कोण दुखवतंय?

मग त्यानं इचारलं, "परत बांधणार असाल, तर विमा आताच ठरवून टाकू. कुठला?"

"उडत्याचा घे," भावजी म्हणाले. सरळ मालकांकडं बघून.

"नगं दादा, उभ्याचा बास हाय. तुझा जोड काय सुटत न्हाई."

"तुझी अक्कल सुटलीया त्याचं काय? म्या बघितलाय तुला उलटा! उडत्याचाच घ्यायचा!"

"उभ्याचा!"

"थोबाड फोडीन, माऊल्या!"

असं तासभर. वस्तीवरची माणसं जमली. स्वरूप कंटाळून गाडीला किक मारून गेला, तरी यांचं चालूच. मग विम्यावरनं पंखावर गेले, लाकूड कुठनं आणायचं, कुठली नळी सरळ करायची, ब्रेकची तार खरंच ढिली व्हती का. सगळं तोंडावर, मधी कुणी न्हाई. मी आत चुलीपाशी बसून ऐकत व्हते. मला राग व्हता, अजून हाय, जाणार न्हाई. पण माझा नवरा आता ज्याच्या जोडावर वर जाणार, त्याच्याशी भांडत व्हता. मला दुसरं काय पायजे व्हतं?

भांडून घसे सुकल्यावर दोघांनी एकदमच हाक मारली. "नूतन, चहा टाक!"

मी उठले, दारात आले. "अहो, तुमी तुमच्या दादाला सांगा," म्या म्हणलं. "आन भावजी, तुमी तुमच्या भावाला सांगा. आता तोंडं उघडलीत न्हवं?" आन ओट्याच्या कडंला जाऊन बसले, त्यांच्याकडं पाठ करून.

मग दोघं आत गेले. भांडी आपटल्याचा आवाज आला, काडेपेटी ओढली, परत ओढली.

"साखर कुठं ठेवती रं ही?" भावजींनी इचारलं.

"मला काय ठावं, दादा? त्या डब्यात बघ."

"ह्यात मीठ हाय, गाढवा."

म्या पदरानं डोळे पुसले. साखर कुठं हाय ते सांगितलं न्हाई.